पहिल्या आवृत्तीची साक्ष

पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास पाठभेदांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एखादा शब्द एका प्राचीन हस्तलिखितात आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्या कारणासाठी विद्वानांच्या पिढ्या खपल्या आहेत; आणि तो श्रम वाया गेला असे कोणी म्हणत नाही. ज्या शब्दावर माणसे आपले जीवन उभारतात तो मुळात कसा उच्चारला गेला, कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, वाटेत त्यातील काय गळले आणि त्यात कशाची भर पडली, हे जाणून घेणे श्रद्धेच्या विरुद्ध नसून श्रद्धेचाच एक भाग आहे. प्रश्न असा की, हीच दक्षता आपण आपल्या जवळच्या काळातील वाङ्मयाविषयी दाखवितो काय? विशेषतः ज्यांचा शब्द समाजाने तुच्छ मानला त्यांच्या कवितेविषयी? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार दोन काव्यप्रवाहांच्या आधारे करावयाचा आहे. एक, विसाव्या शतकाच्या प्रारंभीची अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कविता. आणि दुसरा, त्याच काळातील मराठी अस्पृश्य व ख्रिस्ती कवींची कविता. दोहोंची पहिली छापील रूपे आज दुर्मिळ झाली आहेत. परंतु एकीच्या दुर्मिळतेस जगाच्या बाजारात मोल आहे, तर दुसरीची दुर्मिळता रद्दीच्या तराजूवर निर्माण होत आहे.

१. न्यूयॉर्क आणि बडोदे

ह्या दोन प्रवाहांची तुलना बडोद्यात बसून करण्यास एक ऐतिहासिक आधार आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या सरकारने भीमराव रामजी आंबेडकर ह्या तरुण पदवीधरास शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या तीन वर्षांत आंबेडकरांनी अभ्यासाबरोबर आणखी एक उद्योग मनापासून केला, तो म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविण्याचा. तेथे त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ विकत घेतले, असे चरित्रकार सांगतात.

त्याच वर्षांत, त्याच शहरात, दुसरा एक मनुष्य जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरत होता. त्याचे नाव आर्थर शोम्बर्ग. १८७४ साली पोर्टो रिको बेटात जन्मलेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ श्रीमंत नव्हता; एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करून तो आपला निर्वाह करी. कृष्णवर्णीयांना इतिहास नाही, असे शाळेत त्याला शिक्षकाने सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या विधानास त्याने वादाने उत्तर दिले नाही, पुस्तकांनी दिले. आफ्रिकी वंशाच्या माणसांनी लिहिलेले जे जे छापले गेले ते ते शोधून काढणे हे त्याने आपले जीवितकार्य मानले. १९११ मध्ये जॉन एडवर्ड ब्रूस ह्यांच्या समवेत त्याने ऐतिहासिक संशोधनासाठी एक मंडळ स्थापिले, आणि १९१६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडले त्याच वर्षी, अमेरिकन निग्रो कवितेची एक ग्रंथसूची प्रसिद्ध केली. 'निग्रो' हा त्या काळचा रूढ शब्द असून आज तो केवळ जुन्या शीर्षकांतूनच वापरावा हे योग्य. कवी म्हणून ज्यांची गणनाच होत नव्हती त्यांच्या पुस्तकांची यादी करणे ही एक प्रकारची साक्षच होती.

हे दोघे एकमेकांस भेटले, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे आहे ते दोन संग्रहांचे भिन्न भवितव्य. शोम्बर्गचा संग्रह १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरांच्या साहाय्याने न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला आणि हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत सर्वांसाठी खुला केला. पुढे १९३२ पासून १९३८ मधील मृत्यूपर्यंत शोम्बर्ग स्वतःच त्याचा रक्षक होता. आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये एका मित्राकडे सोपविलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळसे त्यांच्या हाती आलेच नाहीत. लंडनहून वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेले, आणि त्याबद्दल मिळालेल्या भरपाईच्या पैशातून १९१७ साली त्यांनी बडोद्याचा प्रवास केला. त्या बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, हे सर्वश्रुत आहे. सयाजी बागेतील संकल्पभूमी त्याचे स्मरण देते. तथापि ग्रंथांविषयीची त्यांची तळमळ कमी झाली नाही. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहिले, तेव्हाही संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने ठेवलेल्या निवेदनाच्या दोनतीन प्रती त्यांनी मागितल्या. दुसऱ्या पीडित समाजाचा शब्द ऐकीव स्वरूपात नव्हे, तर मूळ प्रतीत पाहावा, हा आग्रह त्यात दिसतो.

२. पुस्तक काय सांगते

पहिल्या आवृत्तीचे मोल कशात आहे? संग्राहकांच्या बाजारात ह्याचे उत्तर सोपे आहे. प्रती थोड्या, मागणी मोठी. त्यातून वरचे सुटे वेष्टन, ज्याला जॅकेट म्हणतात, शाबूत असले तर किंमत अनेक पटींनी वाढते. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पहिली आवृत्ती अशा गोष्टी सांगते, ज्या पुढील निवडक संग्रहांतून नाहीशा झालेल्या असतात. तीन उदाहरणे पाहू.

पॉल लॉरेन्स डनबार हा कवी १८७२ साली जन्मला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. डेटन शहरात तो एका इमारतीतील लिफ्ट चालवीत असे. त्याचा 'ओक अँड आयव्ही' हा पहिला संग्रह १८९२ च्या अखेरीस निघाला. मुखपृष्ठामागील पानावर मात्र १८९३ हे साल आहे. तो छापला युनायटेड ब्रदरन ह्या ख्रिस्ती पंथाच्या छापखान्याने. छपाईचा १२५ डॉलर खर्च कवीपाशी नव्हता. त्याची हमी छापखान्याच्याच एका व्यवस्थापकाने घेतली, आणि कवीने लिफ्टमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांस एकेक डॉलरला प्रती विकून तो फेडला. हे सारे त्या लहानशा पुस्तकाच्या मागे उभे आहे. ज्याला मोठे प्रकाशक नव्हते, त्याला धर्ममंडळीच्या छापखान्याने आधार दिला, ही गोष्ट आपल्या वाचकांस अपरिचित वाटू नये. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासातही मिशनच्या छापखान्यांचे स्थान असेच आहे.

दुसरे उदाहरण क्लॉड मके ह्यांचे. जमैकात जन्मलेल्या ह्या कवीचा 'स्प्रिंग इन न्यू हॅम्पशायर' हा संग्रह १९२० मध्ये लंडनला निघाला, आणि 'हार्लेम शॅडोज' १९२२ मध्ये न्यूयॉर्कला. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांतून कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, त्या वेळी मके ह्यांनी 'इफ वुई मस्ट डाय' हे सुनीत लिहून 'लिबरेटर' मासिकात प्रसिद्ध केले. त्यांची कीर्ती आज मुख्यतः त्या एका सुनीतावर उभी आहे. पण १९२० चा लंडनचा संग्रह उघडून पाहिला तर त्यात ते सुनीतच नाही! ते वगळले गेले, आणि वगळल्याबद्दल एका संपादक मित्राने कवीची कडक शब्दांत कानउघाडणी केली. १९२२ च्या संग्रहात ते आले. संपूर्ण कवितांचे एकच जाड पुस्तक ज्याच्या हाती आहे, त्याला ह्या दोन वर्षांतील संकोचाचा आणि निर्धाराचा पत्ता लागत नाही. दोन पहिल्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या म्हणजे ज्या गोऱ्या वाचकापुढे त्याला उभे राहावयाचे होते त्याच्यापुढे काय बोलावे आणि काय गिळावे, हा कवीचा झगडा स्पष्ट दिसू लागतो.

तिसरी गोष्ट प्रस्तावनांची. डनबारच्या १८९६ मधील 'लिरिक्स ऑफ लोली लाइफ' ह्या संग्रहास त्या काळचे श्रेष्ठ समीक्षक विल्यम डीन हॉवेल्स ह्यांची प्रस्तावना आहे. तिने कवीला देशभर नाव मिळवून दिले. परंतु हॉवेल्स ह्यांनी स्तुती केली ती मुख्यतः बोलीतील कवितांची. प्रमाण इंग्रजीतील कवितेत डनबारने जो प्राण ओतला होता, तिकडे वाचकांचे लक्ष गेले नाही, आणि ह्या प्रस्तावनेने आपले नुकसान केले असे पुढे कवीस वाटू लागले. 'हार्लेम शॅडोज'ला मॅक्स ईस्टमन ह्यांची प्रस्तावना आहे. लँग्स्टन ह्यूज ह्यांचा 'द वेअरी ब्लूज' हा १९२६ मधील पहिला संग्रह कार्ल व्हॅन व्हेक्टन ह्यांच्या मध्यस्थीने प्रकाशकाकडे गेला आणि प्रस्तावनाही त्यांचीच. हे तिघेही प्रस्तावनाकार गोरे होते. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वाचकाने कवीच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी दारात दुसरा कोणी उभा राहून त्याची हमी देत आहे, ही स्थितीच त्या कवितेच्या अर्थाचा एक भाग आहे. उलट जॉर्जिया डग्लस जॉन्सन ह्या कवयित्रीच्या १९२२ मधील 'ब्रॉन्झ' ह्या संग्रहास ड्यू बॉइस ह्यांचे प्रास्ताविक आहे. येथे हमी घरातल्याच माणसाची आहे.

ह्या प्रस्तावनांच्या ओळीत जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांचे 'गॉड्स ट्रॉम्बोन्स' हे १९२७ मधील पुस्तक ठेवून पाहावे. कृष्णवर्णीय उपदेशकांच्या सात प्रवचनांस कवीने काव्यरूप दिले. एरन डग्लस ह्या कृष्णवर्णीय चित्रकाराची चित्रे सोबत दिली. आणि प्रस्तावना स्वतःच लिहिली. बोलीचे ठरीव वळण आपण का सोडले, जुन्या उपदेशकाच्या वाणीतील भारदस्तपणा कोठून येतो, हे तेथे कवी स्वतः समजावून सांगतो. शब्द, चित्र आणि स्पष्टीकरण ही तिन्ही एकाच समाजाच्या हातची आहेत. हे समजून घेण्यास चित्रांसह व प्रस्तावनेसह असलेले मूळ पुस्तकच पाहावे लागते. पाठ्यपुस्तकात उतरवून घेतलेल्या एका प्रवचनावरून ते समजणार नाही. प्रवचनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर हे पुस्तक अवश्य पाहावे.

३. मराठीतील स्थिती

आता आपल्या भाषेकडे वळू. अमेरिकेतील दास्यविमोचनाचे स्मरण मराठीत फार जुने आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत 'दलित पँथर' ही संघटना निघाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. जनार्दन वाघमारे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला. त्याच १९७२ साली नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' हा पहिला संग्रह निघाला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकर ह्यांची. हॉवेल्स, ईस्टमन आणि व्हॅन व्हेक्टन ह्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तेंडुलकर आपले अज्ञान लपवीत नाहीत. त्या वस्तीत, त्या शब्दांत आपण परके आहोत, हे ते मोकळेपणाने मान्य करतात, आणि म्हणून ही प्रस्तावना हॉवेल्स ह्यांच्या प्रस्तावनेहून अधिक प्रामाणिक ठरते. परंतु दारातील हमीदाराची रचना तीच आहे. प्रातिनिधिक संग्रहांतून ढसाळांच्या चार कविता वाचणाऱ्यास हा दरवाजा दिसतच नाही; कविता जणू सहजगत्या मराठी साहित्यात येऊन बसली, असा त्याचा ग्रह होतो.

तथापि १९७२ हा आरंभ नव्हे. नागपूरकडील किसन फागोजी बनसोडे (१८७९–१९४६) ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच अस्पृश्यांच्या जागृतीसाठी कविता लिहिल्या, 'मजूर पत्रिका' व 'चोखामेळा' ही पत्रे काढली आणि स्वतः छापखानाही चालविला. डनबार लिफ्टमध्ये आपले पुस्तक विकीत होता. बनसोडे आपला खिळा स्वतःच जुळवीत होते. ज्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावयाचे नाही, त्याने स्वतःचे यंत्र मिळवावे, हा त्यामागील विचार होय. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक ह्यांनी आपल्या मंडळींसह गावोगाव जी गाणी नेली त्यांचा इतिहास त्यांनीच १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' ह्या पुस्तकात लिहून ठेवला. अशा गाण्यांच्या पुस्तिका म्हणजे हलक्या कागदावरची काही पाने, दोन टाचण्या, आणि वर एखादे चित्र. जयंतीच्या मेळ्यात त्या विकत घ्यावयाच्या, पाठ करावयाच्या आणि हाताळून हाताळून फाडून टाकावयाच्या. लाकडाच्या लगद्याचा तो कागद पन्नास वर्षांत तपकिरी होऊन कडा तुटू लागतात. उरलेले काम कसर करते.

ख्रिस्ती कवितेची कथा वेगळी, तरी फार वेगळी नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचेच पाहा. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना 'फुलामुलांचे कवी' केले. 'उपासना संगीत'ाने त्यांना भक्तिगीतकार केले. एका पुस्तकाचा वाचक दुसरे पुस्तक उघडीत नाही. त्यामुळे एकाच कवीचे दोन अर्धे दोन समाजांत वाटले गेले आहेत. १८९५ च्या बाप्तिस्म्याने त्यांच्या कवितेत काय मोडले आणि काय टिकले, हा मराठी समीक्षेतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गीतसंग्रहात मिळणार नाही, कारण तेथे गीते विषयवार लावलेली असतात, त्यांवर तारीख नसते, आणि गाण्याच्या सोयीसाठी गीतांतील कडवी कमी करण्याची चाल सर्वच गीतसंग्रहांत आढळते. उत्तर मिळेल ते 'ज्ञानोदय'ाच्या आणि त्या काळच्या काव्यविषयक मासिकांच्या जुन्या अंकांत, जेथे ती कविता प्रथम उभी राहिली. कृष्णवर्णीय कवींच्या बाबतीतही हेच घडले. जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांचे १९०० साली शाळेतील मुलांसाठी लिहिलेले 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' हे गीत उपासनेत इतके रुळले की, ते गाणाऱ्या अनेकांस 'गॉड्स ट्रॉम्बोन्स'चा कवी तोच, हे ठाऊक नसते.

येथे मराठीपुरता एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे त्या पिढीतील कवितेचे पहिले रूप बहुधा मासिकात असते, पुस्तकात नव्हे. खुद्द केशवसुतांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर हरि नारायण आपटे ह्यांनी प्रसिद्ध केला. म्हणून मराठी संग्राहकाने केवळ कापडी बांधणीची पुस्तके शोधून भागणार नाही. मासिकांचे सुटे अंक, जलशांच्या पुस्तिका, मंडळ्यांच्या उत्सवाच्या पत्रिका ह्याच आपल्या पहिल्या आवृत्त्या होत. त्यांतील बारीक अक्षरही वाचावे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले होते. त्या एका ओळीवरून एखाद्या समाजाचा छापखाना कोठे होता, कोण त्याला उभे करीत होता, हे कळते. किंमत किती आणे, जाहिराती कोणाच्या, अर्पण कोणास, ही सारी साक्ष आहे. दुर्दैवाने आपली ग्रंथालये पक्की बांधणी करताना नेमकी हीच पाने, म्हणजे वेष्टन आणि जाहिराती, काढून टाकतात.

४. काही आक्षेप

ह्या विचारावर तीन आक्षेप संभवतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, पहिल्या आवृत्त्या जमविणे हा धनिकांचा छंद आहे. ज्या कवीने एका डॉलरला पुस्तक विकले त्याचे तेच पुस्तक आज कपाटात कुलूपबंद करून त्याच्या किमतीचा अभिमान बाळगावा, हे त्या कवितेशीच प्रतारणा करणे नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे, परंतु तो संग्रहावरचा नसून कुलपावरचा आहे. शोम्बर्ग कारकुनाच्या पगारातून जमवीत होता, आणि त्याने जमविलेले शेवटी सार्वजनिक ग्रंथालयाच्या मांडणीवर गेले. संग्राहकाची परीक्षा त्याने किती दिले ह्यावरून करू नये. पुस्तक शेवटी कोणाच्या हाती पोहोचले ह्यावरून करावी.

दुसरा आक्षेप ह्याहून गंभीर आहे. ही कविता मुळात कंठातील आहे. जलसा, भजन, कीर्तन, कृष्णवर्णीयांची भक्तिगीते ही सारी कागदावाचून जगली. मग कागदाची एवढी ओढ कशासाठी? उत्तर असे की, कंठ टिकवितो तसा बदलतोही. आणि त्याने काय बदलले हे समजण्यास मधूनमधून घेतलेली छापील नोंद लागते. शिवाय ज्यांच्या घरी लेखनवाचन पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या मुलाने पहिले पुस्तक छापले, ही घटना स्वतःच त्या कवितेइतकी मोठी आहे. 'तुमची परंपरा मौखिक आहे' ही स्तुती कित्येकदा 'तुमचे पुस्तक जपण्याचे कारण नाही' ह्याच अर्थाने केलेली असते.

तिसरा आक्षेप विद्वानांचा. पहिली आवृत्ती ही नेहमीच उत्तम आवृत्ती असते काय? मुळीच नाही. जॉन्सन ह्यांनी संपादिलेल्या कृष्णवर्णीय कवितेच्या संग्रहाची १९२२ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे; पण तीत ह्यूज नाहीत. १९३१ च्या वाढविलेल्या आवृत्तीत ते आहेत, आणि कवितेचा विस्तार पाहावयाचा तर हीच दुसरी आवृत्ती अधिक उपयोगाची. कवीने स्वतः केलेल्या सुधारणांचाही मान राखला पाहिजे. पहिल्या आवृत्तीचा आग्रह म्हणजे तिला अंतिम प्रमाण मानणे नव्हे. ती पहिला साक्षीदार आहे. तिची उलटतपासणी करावी, पण तिला न्यायालयातून घालवून देऊ नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची संक्षिप्त रूपे प्रचारात असताना अशोक देवदत्त टिळक ह्यांनी मूळ संहितेकडे वळून टीपांसह संपादन केले, ह्याचे मोल आपण सर्व जाणतो. तेच काव्याच्या बाबतीत व्हावयास हवे.

५. बडोद्यात काय करता येईल

हे काम बडोद्याने का करावे? कारण ग्रंथ शोधून आणणे आणि सर्वांसाठी खुले करणे ही ह्या शहराची जुनी रीत आहे. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले, आपला खाजगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला आणि पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांपर्यंत पाठविली. १९१४ च्या सुमारास चिमणलाल दलाल ह्यांस पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखिते तपासण्यास धाडले, आणि त्यातून १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेस आरंभ झाला. ताडपत्रांसाठी अधिकारी पाठविणारे हेच राज्य अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढीत होते आणि आंबेडकरांस परदेशी पाठवीत होते. परंतु संस्कृत काव्यशास्त्राचे हस्तलिखित शोधण्यास निघालेल्या त्या दृष्टीस अस्पृश्याच्या गाण्याची पुस्तिका हे शोधण्याजोगे वाङ्मय वाटले नाही. हा दोष एका राज्याचा नव्हे; दुर्मिळ कशास म्हणावे ह्याविषयीच्या त्या काळच्या समजुतीचा आहे. ती समजूत बदलणे हे आपले काम होय.

बडोदे हे मराठी साहित्याचेही शहर आहे. राजकवी चंद्रशेखर आणि त्यांच्यानंतर यशवंत ह्यांना येथे मान मिळाला. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ ह्या वर्षी मराठी साहित्य संमेलने येथे भरली. पण येथील मराठी घरांतील नवी पिढी गुजराती व इंग्रजीतून शिकते. आजोबांचे कपाट रिकामे करावयाची वेळ आली की, कोणते पुस्तक ठेवावे आणि कोणते वजनावर द्यावे, हे सांगणारा घरात कोणी नसतो. ख्रिस्ती घरांतील गीतांच्या वह्या, 'ज्ञानोदय'ाचे जुने अंक, वस्त्यांतील जलशांच्या पुस्तिका ह्या अशाच जातात.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, यादी. शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या चिकाटीने सिद्ध केली व ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने १९०० ते १९४० मधील अस्पृश्य व ख्रिस्ती कवींच्या छापील कवितेची वेगळी यादी करणे हे सेमिनरीच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधास साजेसे काम आहे. शोम्बर्गची १९१६ ची सूची त्याच्यापुढे नमुना म्हणून आहेच. दुसरी, जागा. मिळालेली पुस्तिका खाजगी कपाटात न ठेवता विद्यापीठाच्या, मध्यवर्ती ग्रंथालयाच्या किंवा सेमिनरीच्या संग्रहात, मूळ वेष्टनासह आणि न बांधता, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावी. तिची प्रतिमा काढून ती ज्या वस्तीतून आली त्या वस्तीस परत द्यावी. तिसरी, नाव. पुस्तिका कोणाच्या घरून आली, तेथे ती कोण गात असे, हे त्या पाकिटावर देणाऱ्याच्या संमतीने लिहून ठेवावे. पुस्तकाची किंमत ठरविणारे बाजारात पुष्कळ आहेत. त्याची हकीकत लिहून ठेवणारे थोडे.

यिर्मयाच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायातील प्रसंग आपल्या वाचकांस ठाऊक आहे. राजा यहोयाकीम संदेष्ट्याचा गुंडाळी ग्रंथ पानापानाने कापून शेगडीत टाकतो, आणि बारूख तोच मजकूर पुन्हा लिहून काढतो. तो पुन्हा लिहिता आला, कारण सांगणारा जिवंत होता. ज्या कवींविषयी आपण बोलत आहोत त्यांपैकी आज कोणी हयात नाही, आणि त्यांची गाणी ज्यांना पाठ होती ती माणसेही झपाट्याने कमी होत आहेत. येथे शेगडी पेटविणारा कोणी राजा नाही. दिवाळीपूर्वीची साफसफाई तेवढ्यास पुरेशी आहे. ह्या वर्षी ती करताना प्रत्येक वाचकाने कपाटातील टाचणी मारलेली पातळ पुस्तिका एकवार उघडून, तिच्यावरील मुद्रकाचे नाव वाचून, मगच ती बाजूला ठेवावी, एवढीच विनंती आहे.